कंट्रोलनं डायरेक्ट दिलं

साळूबाई माझ्या दुकानात भांडायला आली त्या दिवशी तिच्या हातात खुरपं होतं. त्यामुळे रांगेतले लोक आधी बाजूला सरले आणि मग, भांडण नीट ऐकू यावं म्हणून, पुन्हा जवळ आले.

"कंट्रोलभाऊ," ती म्हणाली, "माझ्या पोराची वाट का बदलली?"

मी गव्हाच्या पोत्याचं तोंड सोडत होतो. रॉकेल उशिरा का आलं, साखर ओली का, या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे कायम तयार असतात. हा प्रश्न नवीन होता.

"कुठल्या पोराची?"

"मला काय चार हायेत? ज्ञानेशची. आज माझ्या मळ्यावरून जाणार होता. मान वर करून करून मोडायची बाकी राहिली. आला नाय. मघाशी तुमच्याच फोनवर बोलला, वहिनी साक्षीला हायेत. म्हणतो, आई, कंट्रोलनं डायरेक्ट दिलं, म्हणून नाशकावरून आलोच नाय. तुम्ही कोण डायरेक्ट देणारे?"

रांग अशी हसली की मागचं कुत्रं उठून गेलं.

आता बाहेरगावच्या वाचकाला सांगायला हवं की रेशनच्या सरकारी दुकानाला आमच्या मखमलाबादेत कंट्रोल म्हणतात. माझे वडील ते दुकान चालवायचे, म्हणून ते कंट्रोल. ते गेले, मी कंट्रोल झालो. माझं खरं नाव मतदारयादीत आहे, तिथेच असतं. गावाला ठाऊक असलेलं कंट्रोल एकच, आणि ते माझं. ज्या दुकानात कोण किती खाणार हे ठरतं, त्याच दुकानात कोण कुठून जाणार हेही ठरत असेल, असं साळूबाईला वाटलं तर त्यात तिचं काही चुकलं नाही.

"साळूबाई," मी म्हणालो, "मला वेळेवर पामतेल इकडे वळवता येत नाही, विमान कुठून वळवू? ते कंट्रोल वेगळं. मुंबईचं. आकाशातलं."

"मग त्याला सांगा."

"सांगतो की. पण आधी अंगठा द्यावा लागेल."

तिने खुरपं उगारलं, पण उगारता उगारता तीही हसली. तरी डोळे भरलेले होते ते मी पाहिलं. दुसऱ्याचे भरलेले डोळे आणि रिकामे डबे, दोन्ही मला लांबून दिसतात. कारण नुसतं विमान चुकल्याचं नव्हतं, ते पुढे येईलच.

साळूबाई ही सावळीरामाची बायको. पाटाच्या खालच्या अंगाला त्यांचा मळा. गुलछडी, शेवंती, हंगामात झेंडू, आणि बांधाकडेला मेथीचे वाफे. सावळीराम इतका शांत माणूस की त्याला रामराम घातला तर आपण पुढच्या वळणाला पोचल्यावर मागून उत्तर येतं. त्या घरातलं सगळं बोलणं देवाने साळूबाईच्या वाट्याला दिलं. फुलबाजारात गिऱ्हाईक भाव पाडून मागायला लागलं की ती थेट त्याच्या लग्नापर्यंत जायची. "दादा, वरमाला पण अशीच घासाघीस करून आणली होती का? तरी म्हणलं वहिनी अजून रुसलेल्या का दिसतात!" गिऱ्हाईक लाजून दोन हार जास्त घेऊन जायचं.

एकुलता एक ज्ञानेश. ओझरची लढाऊ विमानं डोक्यावरून गेली की अख्खं गाव कानांवर हात ठेवायचं आणि हा एकटा तोंड उघडं टाकून वर बघत राहायचा. माशी जाईल रे, मी म्हणायचो. माशी गेली नाही, विमानच गेलं आत. पुढे रिंगरोडमध्ये गावातल्या बऱ्याच जणांची जमीन गेली. भाऊबंदांनी त्या पैशातून बंगले बांधले. सावळीरामाने पोरगं हवेत बांधलं, इंदूरला विमान शिकायला पाठवलं. गाव वर्षभर त्याला वेडा म्हणत होतं. तो उत्तर देईपर्यंत पोरगं पास झालं आणि मुंबईला एका खाजगी विमान कंपनीत लागलंसुद्धा. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा.

विमानात पुढे दोघं बसतात हे कळल्यावर विठाबाईने बाजारात भर गर्दीत विचारलं. विठाबाई म्हणजे साळूबाईची शेजारच्या पाटीवरची फुलवाली आणि जन्मभराची वैरीण.

"तुझा ज्ञानेश चालवतो, का शेजारी बसतो?"

"शेजारी. को-पायलट हाय."

"म्हंजे किन्नर."

ट्रकवरच्या क्लीनरला आमच्याकडे किन्नर म्हणतात. त्या दिवसापासून साळूबाईने विठाबाईच्या पाटीकडे पाठ करून बसायला सुरुवात केली, आणि आम्ही गावातले सज्जन लोक ज्ञानेशला तोंडावर कॅप्टन आणि मागे किन्नर म्हणायला लागलो.

गावात तेव्हा फोन माझ्या दुकानात होता, पीसीओच्या पिवळ्या पाटीखाली. त्यामुळे बोलणं लोकांचं आणि कान माझे, असा तो सुखाचा काळ. ज्ञानेशचा फोन आला की मी मळ्यात निरोप धाडायचो आणि साळूबाई ओल्या हातांनी पळत यायची. एकदा तो म्हणाला, "आई, उद्या दुपारी नागपूरला जातोय. आमची वाट नाशिकवरून आहे. तुझ्या डोक्यावरून जाईन."

दुसऱ्या दिवशी मळ्यात ही गर्दी. मीही दुकानाला कुलूप लावून घरच्यांना घेऊन गेलो. बऱ्याच वेळाने वर काहीतरी चमकलं, तांदळाच्या दाण्याएवढं. साळूबाई पदर काढून हवेत फिरवायला लागली आणि ओरडली, "एऽऽ ज्ञानेशऽऽ! जेवलास का रेऽऽ?"

दाणा काही न बोलता पूर्वेकडे निघून गेला.

संध्याकाळी फोनवर तिचा पहिला प्रश्न, "दिसले का रे मी?"

"दिसलीस ना आई. लाल लुगडं दिसलं."

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता की मी तिला त्या कॉलचं काही मागितलं नाही. माझ्या घरच्या हे मला अजून ऐकवतात.

मग ते चालूच झालं. नागपूरची ड्यूटी लागली की आदल्या दिवशी त्याचा फोन, दुसऱ्या दिवशी ही बांधावर. विमान डोक्यावरून गेलं तर तो दिवस सणाचा. देवळालीला तोफांचा सराव चालू असला की त्या बाजूचं आकाश बंद असतं, असं त्याने सांगितलं होतं. म्हणून लांबून तोफा वाजल्या की ती वर बघायचीच नाही, मुकाट खुरपत बसायची.

त्याच वर्षी दसऱ्याला तिने गावाला तोंडात बोट घालायला लावलं. दसरा म्हणजे झेंडूवाल्यांचा सोन्याचा दिवस. नवरात्रात वणीच्या गडाला जाणाऱ्या जीपासुद्धा मळ्याच्या तोंडाशी थांबून फुलं मागतात. आणि हिने मळ्याच्या मधोमध झेंडूचा एक भला रुंद पट्टा तोडलाच नाही. सगळीकडे फुलं तोडून हिरवं झालेलं रान आणि मध्ये हा भगवा पट्टा. विठाबाईने बाजारभर केलं, साळीच्या डोक्यावर परिणाम झाला. मी विचारलं तर म्हणाली, "मी एवढीशी. वरून किती दिसणार? पट्टा दिसंल. त्याच्या टोकाला मी उभी राहीन. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याचं नागपूर हाय."

आणि नेमक्या त्या दिवशी विमान आलं नाही. कंट्रोलनं डायरेक्ट दिलं. म्हणून ते खुरपं.

रांग पांगल्यावर मी तिला गव्हाच्या पोत्यावर बसवलं, चहा मागवला, आणि जेवढं मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. आकाशात रस्ते आखलेले असतात, आणि कुठलं विमान कुठून, किती उंचावरून जाणार हे जमिनीवरचे लोक ठरवतात. कधी पुढे आकाश मोकळं असलं की ते म्हणतात, आता वळसा नको, सरळ जा. त्याला डायरेक्ट म्हणतात. नागपूरचं डायरेक्ट मिळालं की विमान नाशिकला न येता संगमनेर-सिन्नरच्या अंगाने निघून जातं.

"डायरेक्ट मला माहीत हाय," ती म्हणाली. "मला नका शिकवू."

तिचं माहेर दिंडोरीच्या पुढे, वणीच्या रस्त्याला लागून. लग्न झालं त्या वर्षी सासूने तिला यष्टीने गडावर नेलं. आईला निरोप गेला होता, म्हणून ती माउली शेंगांची पिशवी घेऊन रस्त्यावर येऊन उभी. गाडी डायरेक्ट कळवणची. कंडक्टर म्हणाला, इथे थांबा नाय.

"मी खिडकीतून निम्मी भायेर आले," साळूबाई म्हणाली. "सासूनं मागून लुगडं धरलं. माय पळाली थोडी. गाडी गेली निघून. पण बघितलं मी तिला. तिचा पदर पडला होता डोक्यावरचा, ते पण बघितलं." तिने बशीतला चहा फुंकला. "ज्ञानेशला खिडकी हाय ना हो विमानात?"

"आहे की. चांगली मोठी."

"मग झालं. नाय थांबला तर नाय थांबला, थांबणार तरी कुठं वर. पण बघितलं पाहिजे. एकदा तरी नीट बघितलं पाहिजे त्यानं."

त्या दिवाळीला ज्ञानेश घरी आला. पाडव्याच्या दुपारी माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. मी सवयीप्रमाणे सुरू केलं, "काय कॅप्टन, आई बरी दिसते रे तुला एवढ्या वरून! आमच्या घरच्या मला पलीकडच्या खोलीतून दिसत नाहीत."

तो हसला नाही. म्हणाला, "काका, खोटं सांगतो मी तिला. एकदाही बघितलेलं नाही."

मग त्याने सांगितलं ते असं. नाशिक मुंबईला इतकं जवळ, की जाताना नाशिक येतं तेव्हा विमान अजून चढत असतं, आणि येताना नाशिक येतं तेव्हा उतरायची तयारी सुरू झालेली असते. दोन्ही वेळा चुलीवरची सगळी भांडी एकदम उतू जायची वेळ. एक जण विमान सांभाळतो, दुसरा कंट्रोलशी बोलतो. एक कंट्रोल सोडायचं, दुसरं धरायचं. ते सांगतील ती उंची, ते सांगतील ती दिशा, ऐकायची, परत म्हणून दाखवायची, लावायची. वाट बदलली की कॉम्प्युटरमध्ये पुढचे टप्पे नव्याने घालायचे, आणि एकाने घातलेले दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. पावसाळ्यात कसाऱ्यावर ढग उभे असतात, त्यांना वळसा पाहिजे म्हणून पुन्हा विचारायचं. तेवढ्यात ते म्हणतात, थांबा, तुमच्यावरून दुसरं चाललंय.

"आणि मी बसतो उजवीकडे," तो म्हणाला. "नागपूरला जाताना आपलं गाव येतं डाव्या अंगाला, नाहीतर बरोबर पोटाखाली. पोटाखालचं तर कुणालाच दिसत नाही."

"कधी वाकून बघितलं नाहीस?"

"बघितलं होतं. एकदाच."

भर श्रावणातला दिवस होता. कंट्रोलने वाट बदलली, थोड्या वेळाने पुन्हा बदलली. तेवढ्यात ढगांना एक भोक पडलं आणि ज्ञानेशला वाटलं, आता दिसेल. तो सीटवरून उठल्यासारखं करून कॅप्टनच्या खांद्यावरून खाली बघायला गेला. ढगच दिसले. तेवढ्या वेळात कंट्रोलने त्यांना हाक मारली, पुन्हा मारली. घाईने त्याने टप्पा घातला तो चुकीचा. कॅप्टन मुरलेला होता, त्याच्या ध्यानात आलं. त्याने ते नीट केलं, कंट्रोलला उत्तर दिलं, आणि आकाश शांत झाल्यावर विचारलं, "खाली काय ठेवलंय रे?"

"घर आहे, सर."

"मग रजा घेऊन जा घरी," कॅप्टन म्हणाला. "मागे दीडशे लोक बसलेत, त्यांचीही घरं आहेत."

"तेव्हापासून बघत नाही, काका. बघणारही नाही. पण आईला कसं सांगू? विचारते तेव्हा हो म्हणतो."

सकाळी माझ्या कानात घातलेली गोष्ट दुपारी म्हसरूळला पोचते, असा माझा लौकिक. पण ही मी आमच्या घरच्यांनाही सांगितली नाही. पोटात दुखायचं अक्षरशः. साळूबाई बांधावर पदर फिरवताना दिसली की मी दुसऱ्या गल्लीने जायचो.

वर्षं गेली. त्यांच्या घरी फोन आला, मग सावळीरामाच्या खिशात मोबाइल आला. तो अर्थातच साळूबाई वापरायची. माझ्या दुकानातली पिवळी पाटी उतरली आणि माझं अर्धं ज्ञान बंद झालं. पण साळूबाई येत राहिली. मोबाइलवर बोलून झालं की पाटाकडून चालत यायची आणि पायरीवर बसायची.

"कंट्रोलभाऊ, आज कुठून नेलं माझ्या पोराला?"

"आज ना, कळवणवरून. तिथे कांदा स्वस्त आहे म्हणे, दोन गोण्या टाकायच्या होत्या."

"आणि परवा?"

"सुरगाण्यावरून. जीपवाल्यांशी भाड्यावरून वाजलं, म्हणून उशीर."

"भरा पाप," म्हणायची, आणि थांबून पुन्हा विचारायची, "दिवाळीला सोडंल का हो तुमचं कंट्रोल?"

हे थट्टेने नसायचं. ज्ञानेशचं लग्न झालं, भाग्यश्री मुंबईची, नोकरीवाली. अंधेरीला घर झालं. सणाला सगळ्यांनाच कुठेतरी जायचं असतं, म्हणून सणाला विमानं जास्त, म्हणून ज्ञानेशला रजा नाही. कसारा घाट चढून यायला अर्धा दिवस, आणि वरून जायला डोळ्याची पापणी. तो सगळ्यात जास्त वेळा गावी यायचा तो असा, न उतरता.

मग तो कॅप्टन झाला. पेढे वाटायला साळूबाई आधी विठाबाईच्या पाटीसमोर उभी राहिली.

"घे. डायव्हर झाला."

विठाबाईने पेढा घेतला, गुलछडीचा एक गजरा तोडून साळूबाईच्या अंबाड्यात खोचला आणि म्हणाली, "किन्नर असताना तरी दिवाळीला यायचा गं." वैरिणीला बरोबर ठाऊक असतं कुठे दुखतं ते. पण त्या दिवसापासून दोघी समोरासमोर बसायला लागल्या.

दोन हजार सातच्या पावसाळ्यात बातमी आली. ज्ञानेश दुबईकडच्या एका विमान कंपनीत चालला. दसऱ्यानंतर निघणार, बायकोला घेऊन. जायच्या आधी एक दिवस घरी येईल, जेवून जाईल. तिथली विमानं मुंबईला आली तरी समुद्रावरून येतात. नाशिक त्यांच्या वाटेत नाही.

त्या वर्षी साळूबाईने पुन्हा पट्टा ठेवला. गुडघे दुखत होते, बायका लावून लागवड करून घेतली, पण पट्ट्यातली रोपं स्वतः बसून लावली. नवरात्रात एक दिवस माझ्या पायरीवर बसून तिने त्याला फोन लावला. मोबाइलवर तिचा विश्वास नाही, म्हणून ती तो हातभर लांब धरून, मोठा आवाज लावून बोलते. माझी त्याबद्दल कधीच तक्रार नव्हती.

"शेवटचं नागपूर कधी हाय म्हणला?"

"परवा, आई."

"मी पट्ट्याच्या टोकाला उभी राहते. आणि ज्ञानेश, या वेळी खरंच बघ."

मी पोत्यांकडे बघत बसलो. खरंच बघ, म्हणजे?

"बघतो, आई," तो म्हणाला.

परवा उजाडला तो धुवून काढल्यासारखा. पाऊस संपून आकाशात एक ढग नाही. रामशेज किल्ल्यावरची झाडंसुद्धा मोजून घ्यावीत इतकं स्वच्छ. मी गेलोच मळ्यात. साळूबाई पट्ट्याच्या टोकाला, शेजारी सावळीराम. रस्त्यावरून गडाकडे जाणाऱ्या जीपा थांबत होत्या, लोक फुलं मागत होते, ती हातानेच नाही म्हणत होती. मान वरून खाली आणत नव्हती.

वेळ झाली. वेळ उलटली. डोक्यावर नुसतं निळं.

आणि सावळीराम, ज्याच्याकडून मी इतक्या वर्षांत न विचारता एक वाक्य ऐकलं नव्हतं, तो दक्षिणेकडे हात करून म्हणाला, "ते बघ. सिन्नरच्या अंगाला."

खूप लांब, डोंगरांच्या थोडं वर, एक ठिपका चमकला आणि पूर्वेकडे सरकत गेला.

"डायरेक्ट मिळालं," सावळीराम म्हणाला.

साळूबाई खाली बसली, बांधावरच. तिने पदर फिरवला नाही. ओरडली नाही. आम्ही तिघं म्हातारे त्या भगव्या पट्ट्यापाशी बसून राहिलो. रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटलं असेल, यांचं कुणीतरी गेलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा मोबाइल वाजला. तिने हातभर लांब धरला.

"आई, नागपूरला पोचलो. ऐक, आज बघितलं मी."

तिने मोबाइल थोडा जवळ घेतला.

"इगतपुरीच्या पुढे कंट्रोलनं डायरेक्ट दिलं. मला आधी रागच आला. पण डायरेक्ट मिळालं ना आई, की काम संपतं. एक टप्पा घातला की झालं, वाट सरळ, कुणी हाक मारत नाही. शेजारच्या पोराला म्हणालो, विमान सांभाळ थोडा वेळ. आणि आता मी डाव्या खिडकीशी बसतो. वरून गेलो असतो तर पोटाखाली गेलं असतं सगळं. सिन्नरवरून गेलो म्हणून दिसलं."

"काय दिसलं?"

"गंगापूरचं धरण दिसलं. ऊन पडलं होतं त्याच्यावर. नदीची रेघ दिसली. रामशेज दिसला."

"आणि पट्टा?"

मी डोळे मिटले. हो म्हण रे बाबा, मनात म्हणालो, इतकी वर्षं म्हणालास, आज एकदा म्हण.

"पट्टा नाही दिसला, आई. मळा नाही दिसला. तू नाही दिसलीस. धरण, नदी आणि रामशेज यांच्या मध्ये कुठेतरी तू असणार, एवढंच कळलं. तेवढ्या जागेकडे बघत राहिलो. मग डोंगर आड आले."

मी डोळे उघडून पाहिलं तर साळूबाई हसत होती. पदराने नाक पुसत होती आणि हसत होती.

"जेवलास का?" तिने विचारलं.

"जेवतो आता."

"जेव मग." आणि फोन सावळीरामाच्या खिशात टाकून ती मला म्हणाली, "आज बघितलं बघा त्यानं. खरं बघितलं."

"तू दिसली नाहीस म्हणतोय तो," मी म्हणालो.

"म्हणून तर. पहिल्या दिवशी म्हणाला, लाल लुगडं दिसलं. त्या दिवशी मी हिरवं नेसले होते, दिंडोरीच्या भावाचं. तुम्ही पण होता की हितंच."

होतो. पण घरच्या शेजारी उभ्या असताना दुसऱ्याच्या बायकोचं लुगडं बघायची माझी काय टाप!

"म्हणजे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं?" एवढी वर्षं माझ्या पोटात दुखलं त्याचं काय, हे मी विचारलं नाही. "मग त्याला बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर कशाला केला असता फोन?" ती उठली, गुडघ्यांना हात लावत. "खोटं सांगायला का होईना, करायचा."

मग तिने कमरेला ओचा खोचला आणि सावळीरामाला म्हणाली, "तोडा आता पट्टा. उद्या दसरा."

दसऱ्याच्या सकाळी मी दुकान उघडलं तर ती दारात. डोक्यावर पाटी, पाटीत आंब्याची पानं घालून ओवलेलं झेंडूचं तोरण. इतकं लांब, की माझ्या दाराला लावून वर दोन वेढे उरले.

"हे काय?"

"कंट्रोलचं. मुंबईच्या कंट्रोलपर्यंत काय मी पोचणार नाय. तुमच्याच दाराला लावते. काल डायरेक्ट दिलं, उपकार झाले."

मी स्टुलावर चढून तोरण बांधलं. ती खालून डावं वर, उजवं खाली करत राहिली. बांधून झालं तरी गेली नाही. पायरीवर बसली, सुतळीचा उरलेला तुकडा बोटाला गुंडाळत.

"कंट्रोलभाऊ, दुबईचं कंट्रोल कसं असतं हो? तुमच्यासारखं, का कडक?"

"कडक असणार. तिकडे सगळंच कडक."

"डायरेक्ट देत असंल का ते कधी?"

"कुठलं डायरेक्ट?"

"घरचं."

दसऱ्याची गर्दी सुरू होत होती. कोणीतरी पिशवी पुढे करून साखर आली का विचारत होतं. माझ्या जिभेवर एरवी दहा उत्तरं तयार असतात. त्यातलं एक जुनं हाताला लागलं.

"अर्ज करून बघू," मी म्हणालो. "अंगठा द्यावा लागेल."

तिने खुरपं नाही उगारलं. रात्रभर झेंडू ओवून पिवळाधमक झालेला अंगठा माझ्यापुढे धरला.